कम्प्युटर घ्याव का नाही घ्याव? दारव्ह्यातल्या एका प्रश्नामागची चाळीस वर्षं

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म सुरू झाले की आमच्या दारव्हा तालुक्यात झेरॉक्सच्या दुकानांवर गर्दी होते. त्या गर्दीत शेजारच्या काकांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, पोराले कम्प्युटर घ्याव का नाही घ्याव? मोबाइलवर तं सांगते का एआयनं कम्प्युटरवाल्याइचं काम खाल्लं." त्यांच्या हातात एका कॉलेजचं पत्रक होतं आणि त्यावर नवी ब्रँच ठळक छापलेली: आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स. बाप ज्या शब्दानं धास्तावला होता, त्याच शब्दावर कॉलेज सीट भरत होतं.

गावातल्या पोरापर्यंत इंजिनिअरिंग पोचलं ते १९८३ नंतर. त्याआधी विदर्भात नागपूरचं व्हीआरसीई आणि अमरावतीचं शासकीय कॉलेज, एवढीच मोठी नावं. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी पुसद, शेगाव, बडनेऱ्याला कॉलेजं उभी राहिली. तेव्हा इंजिनिअर झालेला पोरगा पीडब्ल्यूडीत, सिंचनात नाहीतर एमएसईबीत लागायचा. कम्प्युटर ही सायन्समध्ये हुशार असलेल्या चार पोरांची गोष्ट होती. पुढे २००१ नंतर एमएससीआयटीची सेंटरं तालुक्या-तालुक्यात निघाली, आणि माउस हातात धरणं ही सरकारी नोकरीची अट झाल्यावर गावानं कम्प्युटर मनावर घेतला.

खरा बदल केला तो आयटी कंपन्यांच्या घाऊक भरतीनं. सन २००० लागताना कम्प्युटरच्या तारखा चुकू नयेत म्हणून जुने प्रोग्राम दुरुस्त करायचे होते; त्या वायटूकेच्या कामानं या कंपन्यांना परदेशी गिऱ्हाईक मिळालं होतं. पुढचा धंदा बराचसा डोक्यांवर चालला: जितकी माणसं कामावर, तितकं बिल. त्यामुळे कंपन्यांना हुशारातला हुशार नको होता, शिकवता येईल असा पोरगा हवा होता आणि तोही हजारोंनी. मेकॅनिकल चालायचा, सिव्हिल चालायचा. अॅप्टिट्यूडची परीक्षा निघाली, इंटरव्ह्यूत चार वाक्यं धड बोलता आली की म्हैसूर नाहीतर चेन्नईला ट्रेनिंग, आणि मग पुणे. पहिल्या दोन वर्षांचं काम साधं असायचं. टेस्ट केस लिहा, म्हणजे प्रोग्राम कसा कसा तपासायचा ते मांडा, रिपोर्ट काढा, रात्रपाळीत सपोर्टची तिकिटं म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघा, दुसऱ्याच्या कोडमधली बारकी चूक दुरुस्त करा. इंग्रजी कच्चं असलेलं आमच्याकडचं पोट्टं याच कामावर तयार झालं. ही पायरी लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा वाद तिच्याभोवतीच आहे.

पण पोरं इतकी आली की भाव चढलाच नाही. फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच अडकून राहिलं. डीएडचंही आपल्याकडे असंच झालं होतं. कॉलेजं गल्लोगल्ली निघाली, २०१० नंतर शिक्षकभरती थंडावली आणि पोरं किराणा दुकानात बसली. तेव्हा एआयचं नाव कोणी ऐकलं नव्हतं.

मग करोना आला. जगाचा सगळा व्यवहार ऑनलाइन गेला आणि कंपन्यांनी हात सैल सोडला. २०२१-२२ या एका वर्षात टीसीएसनं सुमारे १ लाख फ्रेशर घेतले, इन्फोसिसनं ८५ हजार. त्या काळात माझा भाचा घरच्या माळ्यावर बसून फायनल इयर करत होता. नेट फक्त खिडकीपाशी चालायचं. २०२२ मध्ये त्याच्या हातात ऑफर लेटर पडलं. गावात पेढे वाटून झाले, पण जॉइनिंगची तारीख येईना. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी झाली, आणि हा रोज सकाळी गच्चीवर जाऊन मेल उघडून बघायचा.

अमेरिकेत २०२२ च्या मार्चपासून व्याजदर चढू लागले होते, गिऱ्हाइकांनी खर्च आखडला होता आणि आधी भरलेली माणसं रिकामी बसली होती. २०२३-२४ मध्ये टीसीएसची माणसं १३ हजारांनी घटली, इन्फोसिसची जवळपास २६ हजारांनी. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, म्हणजे भाच्याचं जॉइनिंग आधीच लटकलेलं होतं. कोड लिहून देणारं कोपायलट थोडं आधी सुरू झालं होतं, पण तेव्हा ते खेळणंच वाटायचं. दार लोटलं गेलं व्याजदरांनी. एआयची पाटी त्यावर मागाहून लागली.

पाटी लावणाऱ्यांचा मात्र आवाज मोठा. एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग २०२४ मध्ये म्हणाले की आता पोरांनी कोडिंग शिकायची गरज राहू नये. मार्च २०२५ मध्ये एआय मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रोपिकचे प्रमुख डारियो अमोदेई म्हणाले, तीन ते सहा महिन्यांत ९० टक्के कोड एआय लिहील. ज्याची चिप खपायची आहे, ज्याचं मॉडेल खपायचं आहे, त्याच्या अंदाजाला बियाणं कंपनीच्या एकरी उताऱ्याच्या अंदाजाइतकाच भाव द्यावा. प्रोग्रामरची गरज संपणार हे १९५९ मध्ये कोबोल ही इंग्रजीसारखी वाचता येणारी प्रोग्रामिंगची भाषा आली तेव्हाही बोललं गेलं होतं. साहेबलोक स्वतःच प्रोग्राम लिहितील म्हणे. उलट प्रोग्रामर वाढतच गेले. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेनं १६ अनुभवी डेव्हलपरांवर प्रयोग केला, तर एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आपलं काम लवकर झालं असं मात्र त्यांना वाटत होतं!

म्हणून सगळं थोतांड म्हणून सोडून द्यावं, तर तेही जमत नाही. स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी त्याच वर्षी अमेरिकेतले पगाराचे आकडे तपासले. २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांच्या नोकऱ्या २०२२ च्या शेवटी होत्या त्यापेक्षा सुमारे २० टक्के कमी भरल्या. मोठ्या वयाच्यांना तेवढी झळ नव्हती. त्यात व्याजदरांचा वाटा किती आणि एआयचा किती, यावर वाद आहे. पण कोणती पायरी ढिली झाली ते दिसतं. टीसीएसनं २०२५ मध्ये १२ हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं तेव्हा मधल्या आणि वरच्या फळीचं नाव घेतलं, आणि कारण एआय नाही असंही सांगितलं. गावात बातमी पोचली ती "एआयनं १२ हजार काढले" अशी.

भाचा शेवटी दुसरीकडे लागला, नागपुरात. पहिल्या वर्षी तो आठवडाभर टेस्ट केस लिहायचा. आता टूल त्या दहा मिनिटांत काढून देतं आणि हा दोन तास त्यातल्या चुका शोधतो. चुका सापडतात, कारण तो आठवडा त्यानं स्वतः घासलेला आहे. त्याच्या टीमला यंदा एकही फ्रेशर मिळाला नाही. आला असता तर त्याला काय काम दिलं असतं, हे मी विचारलं. भाच्याला सांगता आलं नाही.

काकांना यातलं जमेल तेवढं सांगितलं. कोरी डिग्री घेऊन घाऊक भरतीत शिरायचे दिवस गेले, ब्रँचच्या नावावर जाऊ नका, शिकवणारे मास्तर कायम नोकरीवर आहेत का ते आधी विचारा, असं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोराला पहिल्या पसंतीला कम्प्युटर टाकायला लावलं. दुसऱ्याला इलेक्ट्रिकल. "एमएसईबी तं कुठं जात नाही ना," ते म्हणाले. "लाइन तं गावाले लागतेच."