पाच ठोके, आठ मात्रा

आठ सारख्या मात्रा मनात मोजत राहा आणि पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या व सातव्या मात्रेवरच टाळी द्या. दोन-चार आवर्तनांत पाय आपोआप हलू लागतील. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर ढोलाच्या लाकडी अंगावर दोन काठ्यांनी हाच ठेका धरतात आणि तोंडाने म्हणतात, ‘ताक-पि-ताक-पि-ताक’. क्यूबात त्याचं नाव सिंकियो.

हा ठेका इतका पकड घेणारा का? आठ मात्रांत पाच ठोके समान अंतरावर बसूच शकत नाहीत. मग शक्य तितके सारखे पसरवायचे, तर अंतरं येतात २-१-२-१-२. गॉडफ्राइड तूसाँ या संगणकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवलं, की शाळेत मसावि काढायला शिकलेली युक्लिडची रीत वापरली की नेमका हाच ठेका हाती येतो. त्यात किंचित ओढ असते, पण तोल सुटत नाही. मला तरी त्याची सगळी गोडी त्या ओढीत वाटते.

पण गणित समुद्र ओलांडत नाही, माणसं ओलांडतात. १७९१ मध्ये आजच्या हैतीत गुलामांनी उठाव केला. फ्रेंच मळेवाले पूर्व क्यूबात पळाले आणि गुलामीतल्या माणसांनाही सोबत घेऊन गेले. सांतियागो आणि ग्वांतानामोत या माणसांनी ‘तुंबा फ्रान्सेसा’ हा ढोल, गाणं आणि नाचाचा प्रकार रुजवला. त्यातला ‘मासोन’ नाच मालकांच्या दिवाणखान्यातल्या नाचाच्या धर्तीवरचा, पण ढोल आफ्रिकी वळणाचे. बाजूला आडवा ठेवलेला पोकळ ओंडका असतो, त्याला काता म्हणतात. त्यावर काठ्या पडतात आणि सिंकियो ऐकू येतो. ज्यांच्याकडून सगळं हिरावून घेतलं होतं, त्यांना ठेका जपायला एक लाकूड आणि दोन काठ्या पुरल्या.

तुंबा फ्रान्सेसातल्या दुसऱ्या नाचाचं नाव ‘युबा’. पोर्तो रिकोच्या बोम्बा नाचातही युबा आहे, हैतीत जुबा, ग्रेनेडाजवळच्या चिमुकल्या कारियाकू बेटावरही जुबा. राज्यकर्ते स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रज. शब्द मात्र एकाच घरातला. या बेटांवरचं आणखी एक साम्य मला ठेक्याहूनही जवळचं वाटतं. बोम्बात नर्तकी घागऱ्याला झटका देते आणि त्याच क्षणी मुख्य ढोलावर थाप पडते. ग्वादलूप बेटावरच्या ग्वोका या ढोल-नाचातही मुख्य ढोलकऱ्याची नजर नाचणाऱ्याच्या पावलांवर खिळलेली असते. इथे नाचणारा पुढे आणि ढोल त्याच्या मागे.