केमो देणाऱ्या सिस्टरांची तपासणी: सुरुवात कुठून, अडते कुठे

1979 साली फिनलंडमध्ये केमोची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांची लघवी जिवाणूंवर तपासली गेली. जनुकांत बदल घडवणारे पदार्थ लघवीत असले की या चाचणीत जिवाणूंच्या वसाहती वाढतात. कार्यालयीन कर्मचाऱ्यांपेक्षा परिचारिकांच्या नमुन्यांत त्या जास्त निघाल्या. औषध रुग्णाच्या शिरेत जात होते आणि खूण उमटत होती देणाऱ्याच्या लघवीत. नायट्रोजन मस्टर्ड हे केमोचे सुरुवातीचे औषध 1942 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले, म्हणजे देणाऱ्यालाही ते बाधते का, ही शंका तपासायला 37 वर्षे लागली.

त्या काळात औषधे बऱ्याच ठिकाणी हवेचा आडवा झोत सोडणाऱ्या कॅबिनेटमध्ये मिसळत. हा झोत औषध निर्जंतुक ठेवतो, पण कण थेट मिसळणाऱ्याच्या तोंडावर आणतो. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात उभ्या झोताचे जैवसुरक्षा कॅबिनेट वापरल्यावर लघवीतला हा परिणाम नाहीसा झाला. जिवाणूंची चाचणी मात्र सिगारेटच्या धुरानेही चढते, म्हणून पुढे औषधच शोधू लागले. 1984 मध्ये परिचारिकांच्या लघवीत सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचे औषध सापडले. 1985 मध्ये फिनलंडच्याच अभ्यासात पहिल्या तिमाहीत ही औषधे हाताळणाऱ्यांत गर्भपाताची शक्यता 2.3 पट दिसली. नियमावल्या त्यानंतर कडक झाल्या. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने 2004 मध्ये धोक्याची सूचना काढली आणि तिच्यात वैद्यकीय देखरेखीचा वेगळा भाग ठेवला.

आपल्याकडे त्यातला सोपा तुकडा तेवढा उचलला गेला: वर्षातून एकदा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी कमी व्हायला लागणारी मात्रा मोठी असते, त्यामुळे सीबीसी बिघडेपर्यंत वाट पाहणे म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणे. गोव्यात आणखी एक घोळ आहे. पावसाळ्यात डेंग्यूने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरतात, आणि लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन तर अनेकींचे आधीच कमी असते. त्यामुळे आकडा त्याच सिस्टरच्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. तो पहिला आकडा केमो वॉर्डात रुजू होण्याआधीचा हवा. ताप असताना काढलेला नको.

पहिल्या तपासणीत सीबीसी पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार मोजणीसह, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, लघवीची साधी तपासणी, त्वचा, आणि पाळी, गर्भपात, मूल होण्यातल्या अडचणी यांची माहिती घ्यावी. लघवीत रक्त दिसले तर मूत्राशयाकडे लक्ष द्यावे, कारण सायक्लोफॉस्फामाइड तिथले अस्तर दुखावते. पण सगळ्यात उपयोगी कागद आहे हाताळणीची नोंद: कोणते औषध, महिन्यात किती वेळा, मिसळले की फक्त रुग्णाला लावले, सांडले का. ती नसेल तर डॉक्टर कशाची तुलना कशाशी करणार?

सांडले तर हातमोजे, गाऊन लगेच काढून त्वचा साबण-पाण्याने धुवायची, डोळा किमान 15 मिनिटे. सायक्लोफॉस्फामाइड असेल आणि प्रयोगशाळेची सोय असेल तर लघवी पहिल्या 24 तासांत गोळा करावी. अर्धायुष्य, म्हणजे शरीरातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ, 3 ते 12 तासांचे असल्याने नंतर ते सापडण्याची शक्यता कमी होत जाते. हातमोज्यांच्या जोड्या दोन हव्यात, साधारण 30 मिनिटांनी बदललेल्या. केमोसाठीच्या हातमोज्यांची चाचणी 43 अंश सेल्सियसवर घेतात, कारण हात तापला की औषध लवकर पाझरते. घामेजलेल्या हातांनी पूर्ण शिफ्ट एकच जोड घालणे त्यामुळेच परवडत नाही. आयव्ही सेट, म्हणजे शिरेत औषध नेणारी नळी, आधी औषधाने नव्हे, साध्या सलाईनने भरून घ्यावा. आणि रुग्णाच्या लघवीतून, वांतीतून औषध किमान 48 तास येत राहते, म्हणजे बेडपॅन उचलणारी आयाही या नोंदीत हवी. तिला सहसा कोणी विचारत नाही.

कायद्याचा आधार आहे, पण अर्धवट. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार आरोग्य कर्मचाऱ्यांची रुजू होताना आणि दरवर्षी तपासणी बंधनकारक आहे. केमोसाठी कोणत्या चाचण्या, हे तिथे नाही. नव्या कामगार संहितेतली मोफत वार्षिक तपासणी चाळिशीनंतरची, आणि गर्भाला धोका असतो तो त्याआधी.

गोव्यात हा प्रश्न आता बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापुरता (गोमेकॉ) राहणार नाही. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा इस्पितळांत डे-केअर, म्हणजे उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जाण्याची, कर्करोग केंद्रे जाहीर झाली आहेत, म्हणजे गोव्यात म्हापसा आणि मडगाव. तिथे पहिली ड्रिप लागण्याआधी सिस्टरांच्या पहिल्या तपासणीचे नमुने घेऊन ठेवावेत, आणि बदली झाली की हाताळणीची नोंद फाइलसोबत पुढच्या इस्पितळात जावी.