‘उदयोन्मुख बाजार’ आणि ‘उदयोन्मुख अर्थव्यवस्था’: ग्रीक कारखानदार यादी बघून जात नाही

गल्लोगल्लीच्या फ्लेक्सवरच्या ‘उदयोन्मुख नेतृत्वा’नंतर हा शब्द सर्वांत जास्त झिजवला असेल तर तो आपल्या अर्थविषयक पानांनी. ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ म्हणजे भारत, तुर्कस्तान, इजिप्त, ब्राझील वगैरे, भराभर वाढणारे पण अजून श्रीमंत न झालेले देश, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मग त्याच लेखात ‘ग्रीक उद्योजकांना उदयोन्मुख बाजारपेठांत मोठ्या संधी’ असं वाक्य येतं. ज्या यादीच्या भरवशावर आपण हे लिहितोय तिच्यात खुद्द ग्रीसच २०१३ साली जाऊन बसला, याचा लिहिणाऱ्याला पत्ता नसतो.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली फिरतायत. पहिली, उदयोन्मुख अर्थव्यवस्था. लोकसंख्या तरुण, शहरं फुगतायत, सिमेंट खपतंय, शीतपेयं खपतायत. ही तुम्हाला मी काय सांगू, आपण तिच्यातच राहतो. ‘विकसनशील’ आणि ‘उदयोन्मुख’ यांत फरक काय, यावरही मी शाई घालवणार नाही. दुसरा शब्द जरा नवे कपडे घालून आलाय, एवढाच.

दुसरी गोष्ट उदयोन्मुख बाजार, आणि घोळ सगळा इथे आहे. यातला ‘बाजार’ म्हणजे शेअर बाजार. १९८१ च्या सुमारास जागतिक बँकेच्या आयएफसी या संस्थेतले अँटोइन व्हॅन अ‍ॅग्टमाएल विकसनशील देशांच्या शेअरमध्ये पैसे घालणारा एक फंड सुचवत होते. ‘तिसऱ्या जगाचा फंड’ म्हटलं तर पैसे कोण देणार? म्हणून ‘उदयोन्मुख’. शब्द जन्मला तो फंड विकण्यासाठी, हे लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

आज हा शिक्का मारतात एमएससीआय, एफटीएसई रसेल अशा निर्देशांक बनवणाऱ्या कंपन्या. त्या काय तपासतात? शेअर पुरेसे मोठे आणि हलते आहेत का, परदेशी फंडाला खातं उघडता येतं का, चलन बदलून घेता येतं का, व्यवहार वेळेत मिटतो का, आणि मुख्य म्हणजे विकून बाहेर पडता येतं का. एमएससीआयच्या पद्धतीत देशाचं उत्पन्न बघितलं जातं ते फक्त ‘विकसित’ गटासाठी. ‘फ्रंटियर’ (म्हणजे ‘उदयोन्मुख’च्याही खालचा गट) की ‘उदयोन्मुख’ हे ठरवताना उत्पन्नाची अटच नाही. हे वाक्य दोनदा वाचा. यादीत वर असणं म्हणजे देश जास्त श्रीमंत किंवा जास्त वाढणारा, असा अर्थ त्यातून निघतच नाही.

गावाकडचं उदाहरण घ्या. एखाद्या गावचा आठवडी बाजार झकास भरतो, रस्ता चांगला, तोलाई चोख, संध्याकाळी माल विकून घरी जाता येतं. पण शिवारात पाणी नाही. शेजारच्या गावात ऊस उभा आहे आणि बाजार भरतच नाही. यादी करणारा बाजाराला गुण देतो. विहीर खणायला आलेल्या माणसाने ते गुण बघून काय करायचं?

ग्रीसचंच बघा. २००१ साली एमएससीआयने त्याला ‘विकसित’ गटात घेतलं आणि २०१३ साली खाली उतरवलं. विकसित गटातून खाली आलेला तो पहिलाच देश. तेव्हाही तो युरोवाला, युरोपीय संघाचा सदस्य, आणि नाणेनिधीच्या लेखी ‘प्रगत अर्थव्यवस्था’च होता. उतरवण्याची कारणं बाजाराची होती: शेअर उसने देण्याघेण्याची आणि शॉर्ट सेलिंगची (उसने शेअर आधी विकून नंतर स्वस्तात परत घ्यायची) सोय अपुरी, आणि बाजार आकाराने आक्रसलेला. आक्रसण्यात मंदीचा वाटा होताच, पण त्याच वर्षी शीतपेयं भरणारी ग्रीक कोका-कोला एचबीसी लंडनच्या बाजारात गेली आणि धातूवाली व्हायोहाल्को ब्रसेल्सला. टायटन सिमेंटने २०१९ साली तीच वाट धरली. कारखाने जिथल्या तिथे राहिले, पाटी तेवढी हलली. उलटी उदाहरणंही आहेत. दक्षिण कोरिया सॅमसंग आणि ह्युंदाई बनवूनही एमएससीआयकडे वर्षानुवर्षं ‘उदयोन्मुख’, कारण चलन आणि बाजारप्रवेशाचे नियम. पोलंड २०१८ पासून एफटीएसईकडे ‘विकसित’, एमएससीआयकडे ‘उदयोन्मुख’. देश एकच, शिक्के दोन.

आता उत्तर ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीतल्या मध्यम कारखानदाराच्या जागी बसा. त्याला समोर दिसतो बल्गेरिया, जो एमएससीआयच्या उदयोन्मुख यादीत नाहीच. शेअर बाजार इतका लहान, की फंडवाले राजधानी सोफियाकडे ढुंकून बघत नाहीत. पण सीमा जवळ. कंपनी कर १० टक्के. तिथलं चलन, लेव्ह, १९९७ पासून आधी जर्मन मार्काशी आणि मग युरोशी बांधलेलं, आणि १ जानेवारी २०२६ पासून थेट युरो. १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या शेंगेन हद्दीतही प्रवेश, म्हणजे नाक्यावर ट्रकची पासपोर्ट तपासणी नाही. चलनाची भीती नाही, नफा घरी आणायला परवानगी नको. व्हायोहाल्कोचा पोलाद कारखाना तिथल्याच पेर्निकला आहे, टायटनचा सिमेंट कारखाना झ्लात्ना पानेगाला. खेळणी-गृहोपयोगी वस्तू विकणाऱ्या जंबोने बल्गेरिया आणि रोमानियात स्वतःची दुकानं काढली. सर्बिया, अल्बेनिया, उत्तर मॅसेडोनियात मात्र नाव वापरू देऊन भागीदाराकरवी धंदा केला. (फ्रँचाइझीला ‘गुंतवणूक’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, आयुष्य लहान आहे. ग्रीसच्या कर्जसंकटाच्या काळात कर वाचवण्यासाठी नुसती नोंदणी बल्गेरियात नेलेल्या ग्रीक कंपन्यांनाही जे गुंतवणूकदार म्हणतात, त्यांच्याशी मात्र घालतो.)

याउलट इजिप्त. तो वर्षानुवर्षं एमएससीआयच्या उदयोन्मुख यादीत ठाण मांडून आहे. टायटन तिथे १९९९ पासून. दहा कोटींवर माणसं, घरांची भूक, सिमेंटला याहून चांगला देश कुठला? मग २०११ ची क्रांती झाली. त्यानंतर गॅस पुरेना, भट्ट्या थांबू लागल्या, इंधन बदलण्यावर पैसा ओतावा लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये इजिप्शियन पौंड मोकळा सोडला आणि त्याची किंमत जवळजवळ अर्धी झाली. २०१८ साली लष्कराच्या मालकीच्या कंपनीने बेनी सुएफला प्रचंड सिमेंट कारखाना सुरू केला, तिथेच टायटनचाही कारखाना. आधीच उतू चाललेल्या बाजारात आणखी माल. २०२१ साली सरकारला उत्पादनाचे कोटे ठरवावे लागले. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला सोळाच्या आत असलेला पौंड मार्च २०२४ नंतर पन्नाशीच्या आसपास गेला.

फंडवाल्याने यातल्या कुठल्याही दिवशी शेअर विकले असते, तोटा सोसला असता आणि दुसऱ्या दिवशी भारतात किंवा ब्राझीलमध्ये खरेदी केली असती. भट्टी उचलून कुठे नेणार? कारखानदाराचा प्रश्न ‘बाहेर पडता येतं का’ हा नसतोच. इथे वीस वर्षं राहावं लागलं तर शेजारी कोण, इंधन कोणाच्या हातात, आणि स्थानिक चलनातला नफा युरोत किती उरतो, हे त्याचे प्रश्न. यातला एकही त्या यादीत विचारलेला नाही. लष्कर तुमचा प्रतिस्पर्धी होईल का, असा रकाना कुठल्याच निर्देशांकात मी पाहिलेला नाही.

आणि कधी कधी यजमान देशाचा दोषच नसतो. नॅशनल बँक ऑफ ग्रीसने २००६ साली तुर्कस्तानची फिनान्सबँक घ्यायला सुरुवात केली, पहिल्या ४६ टक्क्यांसाठीच सुमारे २.८ अब्ज डॉलर मोजून. लिरा पुढे घसरत गेला हे खरं, पण बँक कमावती होती. विकावी लागली ती अथेन्सच्या दुखण्यापायी. २०१५ च्या उन्हाळ्यात ग्रीसमध्ये एटीएममधून दिवसाला ६० युरोच निघत होते, बँकांना नवं भांडवल हवं होतं, आणि घरातला दागिना गेला कतारच्या क्यूएनबीकडे, सुमारे २.७ अब्ज युरोला. ग्रीक उद्योजकाची सर्वांत मोठी जोखीम त्या वर्षी परदेशात नव्हती.

शिक्क्याचा कारखानदाराला काहीच उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. कंपनीचे शेअर विकायला काढायचे असतील तर देश कुठल्या यादीत आहे यावर गिऱ्हाईक आणि भाव ठरतो. कोका-कोला एचबीसी लंडनला गेली ती उगाच नाही. पण तो पैसा उभा करण्याचा प्रश्न झाला, कुठे जावं याचा नाही. मला विचाराल तर ग्रीकाने यादीतल्या चमकदार नावांपेक्षा शेजारचा कंटाळवाणा बल्गेरिया शंभरदा निवडावा. आणि लिहिणाऱ्याने देशाबद्दल बोलायचं असेल तर ‘अर्थव्यवस्था’ लिहावं, शेअरबद्दल बोलायचं असेल तर ‘बाजार’. ‘बाजारपेठ’ ठेवा दुकानांसाठी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एफटीएसई रसेलने जाहीर केलं की सप्टेंबर २०२६ पासून ग्रीस पुन्हा ‘विकसित’ गटात. दोन दिवसांत मला निरोप आला, ‘म्हणजे आता ग्रीस विकसित देश झाला ना?’ मी उत्तरादाखल नाणेनिधीचा जुना तक्ता पाठवला. त्यावर अंगठा आला.