मुंबई-लंडन विमानप्रवासाला इतके तास का लागतात?

मुंबई ते लंडन हे सर्वांत जवळच्या मार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तो कराचीजवळून निघून बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी असा जातो. आज कोणत्याही भारतीय विमानाला या रेषेवरून जाता येत नाही. वाटेतल्या देशांच्या परवानगीचा हा प्रश्न या मार्गाच्या जन्मापासूनचा आहे.

३० मार्च १९२९ रोजी इम्पिरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीने लंडन-कराची सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा: लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून विमानाने स्वित्झर्लंडमधले बाझल, तिथून चक्क रेल्वेने इटलीतले जिनोव्हा, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया आणि पुढे बगदाद, बसरा करत कराची. मध्येच रेल्वे आली, कारण फ्रान्सकडून येणाऱ्या ब्रिटिश विमानांना इटली आपल्या हद्दीत येऊ देत नव्हती. पुढे इराणने आपल्या किनाऱ्यावरून जायला दिलेली परवानगी संपली आणि १९३२ मध्ये हा मार्ग आखाताच्या अरब किनाऱ्याकडे हलवावा लागला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि मुंबई या हवाई वाटेशी जोडली गेली. मला हा काळ फार महत्त्वाचा वाटतो, कारण आजचे सगळे पेच तेव्हाच दिसू लागले होते.

नंतर यंत्रे सुधारत गेली. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोहोचले. १९६० मध्ये बोइंग ७०७, १९७१ मध्ये जम्बो (बोइंग ७४७) आले. आता न थांबता जाताना साधारण नऊ-दहा तास लागतात. परतीचा प्रवास त्याहून लवकर होतो, कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात.

यंत्राने वाचवलेला वेळ राजकारण पुन्हा खाते. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर, २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश काही महिने बंद ठेवले. युक्रेनचे आकाश २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. पहलगाम हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मनाई केली. मुंबईला समोर अरबी समुद्र मोकळा असल्याने दिल्लीइतका फटका बसत नाही. ओमानकडून वळसा घेता येतो. पण पुढची वाट पश्चिम आशियावरूनच जाते. १३ जून २०२५ रोजी इस्रायलच्या हल्ल्यांनंतर इराणचे आकाश बंद झाले, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतूनच परत मुंबईत आणावे लागले.