जुन्या बिलियर्ड टेबलाचा जीर्णोद्धार

बिलियर्ड व स्नूकर या खेळांसाठी एकोणिसाव्या शतकात किंवा विसाव्या शतकाच्या प्रारंभी तयार झालेले पूर्णाकार टेबल सुटे करून, त्याचा सांगाडा, स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) लाद्या, कुशन (कडेच्या लवचीक पट्ट्या) व बनात (पृष्ठावर ताणलेले लोकरी कापड) यांची दुरुस्ती करून ते पुन्हा खेळण्याजोगे करण्याचे काम. मूळ लाकूड व मूळ लाद्या शक्य तितक्या राखणे हे या कामाचे पहिले सूत्र आहे. वरवर पॉलिश मारून नवे कापड ताणणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. असे टेबल १२ × ६ फुटांचे म्हणून ओळखले जात असले, तरी प्रमाण टेबलात कुशनच्या आतील खेळाची जागा ११ फूट ८½ इंच × ५ फूट १० इंच (सुमारे ३·५७ × १·७८ मी.) असते.

पुण्यात हा खेळ लष्कर भागातील क्लबांतून व पुढे जिमखान्यांतून रुजला. जागतिक हौशी बिलियर्ड अजिंक्यपद १९५८ मध्ये प्रथम भारतात आणणारे विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्यातच १९२२ साली झाला. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. या परंपरेमुळे येथील जुन्या टेबलांकडे केवळ दिवाणखान्यातील शोभेचे सामान म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही.

कालनिर्णय : टेबलाचे वय ठरवणे हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त भाग होय. लंडनचे कारागीर जॉन थर्स्टन यांनी १८२६ मध्ये लाकडी पृष्ठाऐवजी स्लेट वापरण्यास आरंभ केला, असे सामान्यतः मानले जाते; मात्र हे वर्ष प्रयोगाचे समजून स्लेटचा सर्रास वापर १८३० नंतरचा धरणे अधिक सुरक्षित वाटते. रबरी कुशन १८३५ च्या सुमारास आले. पण ते थंडीत दगडासारखे कडक होत असल्याने, गंधकाची प्रक्रिया केलेले रबर १८४५ च्या सुमारास वापरात येईपर्यंत त्यांचा भरवसा नव्हता. पॉकेटांची, म्हणजे चेंडू पडण्याच्या खिशांची, तोंडेही पुरावा देतात. १८७० मधील अजिंक्यपदाच्या टेबलासाठी ती ३ इंचांची अरुंद ठेवली होती, तर १८९२ च्या सुमारास इंग्लंडमधील बिलियर्ड संघटनेने प्रमाण साचे ठरवून दिल्यावर मापांत एकसारखेपणा येत गेला. तथापि पॉकेटांची तोंडे नंतर कापून रुंद केलेली असू शकतात, आणि कुशनवरची निर्मात्याची नामपट्टी तर पुष्कळदा टेबल घडवणाऱ्याची नसून नंतर कुशन बदलणाऱ्या पेढीची असते. म्हणून नामपट्टीपेक्षा सांगाड्याचे सांधे, बोल्टांची घडण आणि लाद्यांच्या पाठीवरील छिन्नीचे क्रमांक यांवर अधिक विसंबावे. भारतात बनलेल्या टेबलांत कलकत्त्याच्या लाझारस पेढीची विशेष प्रसिद्ध असून त्यांत सागवान आढळते. विलायती टेबलांत महोगनी व ओक अधिक दिसतात.

१८७५ पूर्वीच्या टेबलाला ‘मूळचे स्नूकर टेबल’ म्हणणे चुकीचे आहे. स्नूकर त्या वर्षी जबलपूरच्या लष्करी भोजनगृहात नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने रचले, हे मत आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. नियम १८८२ मध्ये उटकमंडच्या (उटीच्या) क्लबात लावले गेले. वुलिच येथील लष्करी विद्यालयाकडे या खेळाचे जनकत्व देणारे मतही मांडले गेले होते, आणि चेंबरलेन यांचे स्वतःचे निवेदन घटनेनंतर सहा दशकांनी, १९३८ मध्ये, प्रसिद्ध झाले. तरी जबलपूरचा पक्ष अधिक बळकट दिसतो.

लाद्या व सांगाडा : पूर्णाकार टेबलाला बहुधा पाच लाद्या व आठ पाय असतात. लादी सुमारे १¾ ते २ इंच जाड व जवळपास २०० किलो वजनाची असते. ती आडवी न धरता कडेवर उभी करूनच न्यावी, कारण आडवी उचलल्यास स्वतःच्या भाराने ती तडकू शकते. सुटे करताना प्रत्येक लादी, बोल्ट व कुशनवर खूण करणे अनिवार्य आहे. दीड टनाचे टेबल धरल्यास प्रत्येक पायावर सुमारे १९० किलो भार येतो. त्यामुळे जुन्या बंगल्याच्या माडीवरील लाकडी तक्तपोशीची तपासणी आधी करावी, आणि तळमजल्यावर शहाबादी फरशी उंचसखल असल्यास पायांखाली पक्के आधार द्यावेत. प्रथम सांगाडा आणि मग लाद्या पाणसळीने समतल केल्या जातात. लादी व सांगाडा यांमध्ये पातळ लाकडी पाचरी बसवतात आणि लाद्यांमधील सांधे प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून खरवडून सपाट करतात. सांध्यावरून बोटाचे नख आडवे फिरवल्यास कड मुळीच लागू नये. शेवटी अगदी हळू सोडलेला चेंडू कोठे कलतो हे पाहिले जाते, कारण पाणसळीला न दिसणारा उतार चेंडू दाखवतो.

फुटलेल्या लादीच्या जागी स्वस्त म्हणून कडप्पा बसवणे टाळावे. जाडी, घनता व घासणी वेगळी असल्याने शेजारच्या लाद्यांशी त्याचे जुळत नाही. त्याच जाडीची जुनी स्लेट मिळवणे जिकिरीचे असले, तरी तोच योग्य मार्ग होय.

लाकूड : जुने पॉलिश बहुधा लाखेचे असते व ते स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून ते तासून काढण्याऐवजी मऊ करून त्यावरच नवे थर द्यावेत. कोरीव पायांवर रंधा किंवा यांत्रिक घासणी चालवल्यास नक्षीच्या कडा कायमच्या बोथट होतात, आणि ही हानी पुढे कोणत्याही कारागिराला भरून काढता येत नाही. ढिले सांधे सरसाने जोडावेत. सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटत असल्याने पुढील दुरुस्ती शक्य राहते.

कुशन व बनात : रबर कडक होऊन त्याला भेगा पडल्यास ते बदलणे अपरिहार्य असते, मात्र त्यामागील मूळ लाकडी ठोकळे जपावेत. बनात लोकरीची असून तिची लव बॉल्ककडून, म्हणजे डाव सुरू करण्याच्या टोकाकडून, काळ्या चेंडूच्या टोकाकडे झुकलेली असते. उलट बाजूने ताणल्यास हळू चेंडू भलतीकडे वळतात. ब्रश व इस्त्री दोन्ही लवेच्या दिशेनेच फिरवतात, आणि इस्त्री कोमट असते. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसते व जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते फुगते. दमट बनातीवर चेंडू जड चालतो. म्हणून समतलपणाची अखेरची तपासणी पावसाळा सरल्यावर पुन्हा करणे श्रेयस्कर.

जुन्या टेबलाबरोबर कधी हस्तिदंती चेंडू मिळतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील दुरुस्त्यांमुळे त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही, खेळासाठी फिनॉलिक रेझिनचे, २ १/१६ इंच (सुमारे ५२·५ मिमी.) व्यासाचे चेंडू वापरले जातात.