सॅटेलाइटच्या फोटोत काय दिसतं आणि काय दिसत नाही : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. आम्ही विमान आणि हेलिकॉप्टर चालवणाऱ्यांना उड्डाणाआधी हवामानाचा सल्ला देतो. पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन म्हणजे, "अहो सॅटेलाइट फोटोत आमच्या रूटवर लाल (म्हणजे वादळी ढग) काहीच नाहीये, मग तुम्ही थांबा का म्हणताय?" फ्लाइंग स्कूलवाले विचारतात, चार्टरचे ऑप्सवाले (उड्डाणं आखणारे) विचारतात, हेलिकॉप्टरवाले तर दर दोन दिवसांनी विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे, कारण उड्डाण रद्द झालं की पैसे तुमचे जातात, आमचे नाही. फोनवर घाईत नीट सांगता येत नाही म्हणून एकदा सगळं लिहून काढलंय. प्रिंट काढून ऑप्स रूममध्ये लावलंत तर आम्हाला बरंच वाटेल.

मुद्दा एवढाच आहे की सॅटेलाइट ढगाचा माथा बघतो, आणि तुमच्यातले बहुतेक जण उडता ढगाच्या बुडाखालून. वरून जे दिसतं त्यावरून खाली काय असेल हे ओळखणं म्हणजेच आमचं काम, आणि त्यात कुठे खात्रीने बोलता येतं आणि कुठे नाही हे तुम्हालाही माहीत असलेलं बरं.

फोटो येतात ते मुख्यतः आपल्या इनसॅट-३डीआर आणि इनसॅट-३डीएस या दोन सॅटेलाइटवरून. पहिला सप्टेंबर २०१६ मध्ये सोडला, दुसरा १७ फेब्रुवारी २०२४ ला. दोघंही विषुववृत्तावर जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच वेगाने फिरतात म्हणून आपल्याला कायम एकाच जागी उभे असल्यासारखे, आणि म्हणूनच सतत आपल्यावर नजर ठेवू शकतात. एकाचा फोटो दर अर्ध्या तासाने येतो, दोघांचे आलटून पालटून लावले की १५ मिनिटांनी एक. जपानचा हिमावारी दर १० मिनिटांनी पूर्ण फोटो देतो, पण तो पार पूर्वेला १४० अंशांवर आहे, आपल्याकडे त्याला फार तिरकं बघावं लागतं, त्यामुळे ईशान्येकडच्या उड्डाणांना आम्ही तो वापरतो, महाराष्ट्रासाठी नाही.

आता लाल रंगाचं. इन्फ्रारेड फोटो म्हणजे खरं तर फोटो नाहीच, ते तापमानाचं मोजमाप आहे. ढगाचा माथा जितका उंच तितका थंड, आणि थंड भागाला कॉम्प्युटर रंग देतो. रंग कुठे सुरू करायचा हे त्या त्या साइटवाल्याने ठरवलेलं असतं, एकीकडे जो ढग लाल दिसतो तोच दुसरीकडे अजून पिवळा असतो. म्हणून रंगावर भांडू नका, बाजूची पट्टी बघा आणि आकडा वाचा. उणे ६० अंश म्हणजे माथा साधारण १३ किलोमीटरवर, म्हणजे ४० हजार फुटांच्याही वर, तो जवळपास नक्कीच सीबी (क्युम्युलोनिंबस, विजांचा वादळी ढग) किंवा त्याची ऐरण, म्हणजे वर सपाट पसरलेला माथा. उणे ८० च्या आसपास गेला तर तो आपल्याकडच्या वातावरणाचं छत गाठतोय, त्याच्या जवळपासही जायचं नाही.

लाल नाही म्हणजे सेफ आहे असं नाही

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून एक प्रसंग सांगतो. जुलैमधली सकाळ, एका ग्राहकाचं हेलिकॉप्टर मुंबईकडून घाट चढून पुण्याकडे येणार होतं. इन्फ्रारेडमध्ये सगळ्या सह्याद्रीवर नुसता फिकट राखाडी रंग, माथ्याचं तापमान अधिक ८ ते १० अंश, म्हणजे शून्याच्याही वर. रंगीत असं काही नाही. आमच्याकडे तेव्हा नवीन असलेल्या मुलाने "कन्व्हेक्शन नाही" (म्हणजे वर उसळणारे वादळी ढग नाहीत) असं लिहून पाठवलं, जे शब्दशः बरोबरच होतं, पण वाचणाऱ्याने त्याचा अर्थ "रस्ता मोकळा" असा घेतला. पायलट अनुभवी, खंडाळ्याच्या अलीकडेच समोरचा डोंगर ढगात गेलेला दिसला तसे ते माघारी वळले आणि जुहूला परत उतरले. त्या दिवसापासून आमच्या ब्रीफिंगमध्ये घाटाची ओळ वेगळी असते आणि ती कधीच रिकामी सोडत नाही.

होतं काय की पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा घाटाला अडते आणि वर चढते, त्यातून जे ढग होतात ते बऱ्याचदा उथळच असतात, माथा चार-एक किलोमीटरवर, म्हणजे हवा शून्य अंशाला पोचते त्या पातळीच्याही खाली. धो धो पाऊस पडत असतो, कड्यांना ढग चिकटलेला असतो, दरीत काही दिसत नसतं, आणि वरून मात्र अगदी गरीब, निरुपद्रवी ढग दिसतो. नुसत्या इन्फ्रारेडवरून पावसाचा अंदाज बांधला तर घाटातला पाऊस हमखास कमी येतो तो याच कारणाने. जेटवाल्याला हा ढग म्हणजे काहीच नाही, तो दोन मिनिटात त्याच्या वर निघून जातो. दोन हजार फुटांवरून जाणाऱ्याला मात्र तोच खरा धोका. त्यामुळे जून ते सप्टेंबर घाट ओलांडायचा असेल तर सॅटेलाइट फक्त एवढंच सांगेल की ढगांची चादर सलग आहे का मध्ये फटी आहेत, आणि तेही दिवसा, साध्या प्रकाशातल्या फोटोत. ढगाचं बूड किती फुटांवर आहे ते मेटारवरून (विमानतळावर मोजलेल्या हवामानाचा अहवाल) आणि तिथल्या माणसाला फोन करूनच कळतं, आम्ही दोन्ही करतो.

मे महिन्यात लाल दिसेपर्यंत थांबू नका

वळवाच्या पावसाचं गणित एकदम उलटं. इथे लाल दिसतो आणि खराच धोका असतो, फक्त तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. समजा दुपारचे सव्वा वाजलेत, पुण्याच्या पूर्वेला दौंड-शिरूरच्या बाजूला साध्या फोटोत कापसाच्या बोंडासारखे ढगांचे ठिपके आहेत, त्यातल्या एका ठिपक्याच्या माथ्याचं तापमान अधिक २. दीडला तोच ठिपका उणे ७. पावणेदोनला उणे १९. दोन वाजता उणे ३३. फोटोत अजून लाल काही नाही, रडारवरही कदाचित आत्ता कुठे हलका ठिपका उठायला लागला असेल, पण आमच्या दृष्टीने निर्णय पावणेदोनलाच झालेला असतो, कारण १५ मिनिटांत ८ अंश किंवा त्याहून जास्त वेगाने माथा थंड होत असेल तर तो ढग जोरात वाढतोय असं समजायचं. शून्य अंश ओलांडून माथा असा पडत राहिला की अर्ध्या तासात तिथे जोराचा पाऊस, विजा, कधी गारा. सॅटेलाइटचा खरा फायदा हाच, रडारवर ठळक दिसण्याआधीची ती २०-३० मिनिटं. सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या फेऱ्यांत, सोलो (एकटा) विद्यार्थी असेल तर त्याला खाली बोलवायला एवढा वेळ पुरतो.

अजून एक गोष्ट फोटोत शोधायची, ती म्हणजे वादळाच्या पुढे पसरलेली बारीक कमानीसारखी ढगांची रेघ. ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर चहुबाजूंनी पळते, तिच्या पुढच्या कडेवर ही रेघ बनते, आणि मुख्य ढगापासून ती ३०-४० किलोमीटर पुढेही असू शकते. रनवेवर ऊन असतं, विंडसॉक निवांत असतो आणि एकदम धुळीचा लोट येऊन वारा उलटा फिरतो. ऐरण पसरलेली असेल तर ही रेघ तिच्याखाली झाकली जाते, तेव्हा सॅटेलाइटवरून ती दिसणारच नाही, म्हणून जोराच्या सीबीपासून २० नॉटिकल मैल, म्हणजे ३७ किलोमीटर लांब राहायचा जो जुना नियम आहे तो आम्ही कधीच सैल करत नाही, कृपया तसा आग्रह धरू नका.

फोटोवरची वेळ आणि जागा

फोटोच्या कोपऱ्यातली वेळ यूटीसी असते. ०९०० लिहिलंय म्हणजे सकाळचे नऊ नाही, दुपारचे अडीच. पायलट मंडळींना हे शिकवायला नको, पण व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो ऑफिसातलं कोणीतरी पुढे पाठवतं आणि गोंधळ होतो. शिवाय पृथ्वीचा अख्खा फोटो स्कॅन व्हायला इनसॅटला साधारण २६ मिनिटं लागतात आणि मग तो प्रोसेस होऊन साइटवर चढतो, म्हणजे तुम्ही "आत्ताचा" म्हणून जो बघताय तो बऱ्याचदा पाऊण तास जुना असतो. मे महिन्यातला ढग पाऊण तासात जन्माला येऊन उणे ६० पर्यंत पोचतो हे लक्षात घ्या.

जागेचंही तसंच. सॅटेलाइट विषुववृत्तावरून आपल्याकडे तिरका बघतो त्यामुळे उंच ढग नकाशावर खऱ्या जागेपेक्षा उत्तरेला सरकलेला दिसतो. पुण्याच्या अक्षांशावर १५ किलोमीटर उंच ढग जवळपास ६ किलोमीटर उत्तरेला दिसतो, दिल्लीत १० च्या आसपास. फोटोत ढग रनवेच्या थोडा उत्तरेला दिसला तर तो प्रत्यक्षात डोक्यावर असू शकतो. आम्ही पाठवतो त्या नकाशात ही दुरुस्ती केलेली असते, इतरत्र बघाल तेव्हा मनातल्या मनात करा.

धुकं

हिवाळ्यात उत्तरेकडे चार्टर नेणाऱ्यांसाठी. धुक्याचा माथा जमिनीपासून काहीशे फुटांवर, त्याचं तापमान जमिनीएवढंच, त्यामुळे साध्या इन्फ्रारेडमध्ये धुकं आणि जमीन सारखीच दिसते. रात्री ते शोधायची युक्ती म्हणजे दोन चॅनेलची (वेगवेगळ्या तरंगलांबीवर मोजलेल्या तापमानांची) वजाबाकी, ३.९ मायक्रॉनचा एक आणि १०.८ चा एक, कारण पाण्याचे बारीक थेंब पहिल्या चॅनेलमध्ये, खरे असतात त्यापेक्षा थंड दिसतात. यातून पंजाबपासून बिहारपर्यंतची धुक्याची अख्खी पट्टी उठून दिसते, आणि मोठ्या शहरांवर चक्क भोकं दिसतात, शहराच्या उष्णतेने तिथलं धुकं विरळ झालेलं असतं.

अडचण अशी की सूर्य उगवला की ३.९ च्या चॅनेलमध्ये उन्हाचा प्रकाश मिसळतो आणि वजाबाकी बिघडते, आणि साधा फोटो नीट दिसायला अजून उजेड पुरेसा नसतो. म्हणजे तुमचं सकाळचं पहिलं उड्डाण ज्या तासात असतं नेमका तोच तास आमच्यासाठी आंधळा. त्या तासात आम्ही सॅटेलाइटवरून काहीही ठाम बोलणार नाही, विमानतळाने मोजलेली व्हिजिबिलिटीच धरायची. नंतर ऊन वर आलं की धुकं सहसा कडेने आत विरत जातं, मग पट्टीच्या कडेवरचा विमानतळ आधी मोकळा होईल आणि मधला उशिरा, हे मात्र फोटोंवरून चांगलं सांगता येतं. आणि या चॅनेलचा एक ठिपका ४ किलोमीटरचा असतो, नदीकाठच्या छोट्या एअरस्ट्रिपवरचं एक-दोन किलोमीटरचं धुकं त्यात सापडत नाही. वरून सिरस (खूप उंचावरचा पातळ ढग) गेला तर खालचं सगळं झाकलं जातं ते वेगळंच.

राख

हा विषय आपला नाही असं आम्हालाही वाटायचं. २३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि राखेचा ढग येमेन-ओमानवरून अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्या रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे आला, आपल्याकडच्या कंपन्यांची उड्डाणं रद्द झाली. विमानातल्या वेदर रडारला राख दिसत नाही, कण फार बारीक असतात. १९८२ साली जावाजवळ रात्री ब्रिटिश एअरवेजचं जंबो गलुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली, खाली घरंगळत आल्यावर ती परत चालू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. राख ओळखायची ती सॅटेलाइटनेच, ११ आणि १२ मायक्रॉनच्या चॅनेलची तुलना करून, साध्या ढगात ११ चं तापमान थोडं जास्त येतं आणि राखेत उलटं होतं. यात आम्ही आमचं डोकं चालवत नाही, राखेसाठी नेमलेल्या केंद्राची सूचना आणि सिगमेट (विमानांसाठीचा धोक्याच्या हवामानाचा इशारा) आली की तशीच पुढे पाठवतो.

आम्ही काय देतो, काय देत नाही

अधिकृत हवामान ब्रीफिंग हवामान खात्याचंच. मेटार, टॅफ (विमानतळाच्या हवामानाचा अंदाज), सिगमेट ते देतात आणि उड्डाणाच्या कागदपत्रांत तेच लागतं. आमचा कागद त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही, आणि आमच्यात आणि सिगमेटमध्ये फरक पडला तर सिगमेट धरा आणि आम्हाला फोन करा.

आदल्या रात्री ९ च्या आत रूट, उंची, निघायची वेळ आणि विमानाचा प्रकार पाठवत जा. उंची विसरू नका, वर एवढं सगळं लिहिलंय ते त्यासाठीच, तोच ढग दोन हजार फुटांवर वेगळा आणि तीस हजारांवर वेगळा. पहाटे पहिला कागद येईल, निघायच्या एक तास आधी दुसरा, आणि एप्रिल ते जून दुपारच्या उड्डाणांना दर १५ मिनिटांनी मेसेज. मेसेजमध्ये आम्ही रंग लिहीत नाही, माथ्याचं तापमान आणि मागच्या १५ मिनिटांत ते किती पडलं एवढंच लिहितो.

आणि एक विनंती. उतरल्यावर जमलं तर दोन ओळी कळवा, बूड किती फुटांवर मिळालं, हादरे कुठे बसले, घाट कुठे बंद होता. कॉकपिटमधून नाही, पार्किंगला लागल्यावर. फोटोत न दिसणारी बाजू आम्हाला फक्त तुमच्याकडूनच कळते, आणि तुमच्या मागून तासाभराने त्याच रूटवर जाणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाला आम्ही ती लगेच पाठवतो, तुमचं नाव न घालता.