नाजूक समुद्री माशांचं क्वारंटाईन आणि परजीवींवरचे उपचार

खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियममध्ये नवीन मासा मेन टाकीत सोडायच्या आधी चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात, त्याला क्वारंटाईन म्हणतात. अंगावर, कल्ल्यांत किंवा पोटात आलेले परजीवी या काळात दिसतात आणि तिथेच संपवता येतात, कारण कोरल, झिंगे, गोगलगायी असलेल्या टाकीत यातली बहुतेक औषधं टाकताच येत नाहीत. डॅमसेलसारख्या दणकट माशाचं हे काम फार अवघड नाही, पण कॉपरबँड बटरफ्लाय, मँडरिन, फ्लेम एंजल, अँथिआस, रॅस, लायनफिश, पफर म्हणजे आपल्या कोकणातला केंड, अशांच्या बाबतीत जे औषध परजीवी मारतं तेच माशालाही त्रास देतं आणि दोन्ही डोसमधलं अंतर फार कमी असतं. म्हणून इथे औषधाच्या नावाआधी मासा कोणता, तो खातोय का आणि पाणी मोजलंय का हे बघायचं असतं.

नाजूक म्हणजे सगळे एकाच कारणाने नाजूक नसतात. पफरला नेहमीसारखे खवले नसतात, कॉपरबँड खाण्याच्या बाबतीत हट्टी, अँथिआसला दिवसातून तीन-चार वेळा लागतं. मँडरिनचं प्रकरण वेगळंच आहे, त्याच्या अंगावर इतका जाड बुळबुळीत थर असतो की त्याला व्हाइट स्पॉट हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग क्वचितच होतो, पण तो दिवसभर बारीक कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव, टिपत फिरणारा मासा, रिकाम्या टाकीत उपाशीच मरतो. अशा माशाला उगाच महिनाभर कॉपरमध्ये, म्हणजे तांब्याच्या औषधाच्या पाण्यात, ठेवणं मला तरी अजिबात पटत नाही.

सगळ्यात जास्त भेटणारा परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स, ज्याला सगळे मरीन इक किंवा व्हाइट स्पॉट म्हणतात. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली या रोगाचं वर्णन केलं आणि आजचं शास्त्रीय नाव ब्राउन यांनी १९५१ मध्ये दिलं. याचं चक्र समजलं की अर्धे उपचार समजतात. माशाच्या कातडीत तो तीन ते सात दिवस खातो, तेव्हा मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात, मग गळून पडतो, काचेवर किंवा वाळूवर चिकटून कवच करतो आणि त्या कवचातून काही दिवसांनी, कधी कधी कित्येक आठवड्यांनी, शेकडो पिल्लं बाहेर पडतात ज्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीतल्याला आणि कवचातल्याला नाही. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नसतं, ठिपके तसेही काही दिवसांत जातातच, आणि नेमक्या याच ठिकाणी लोक उपचार थांबवतात.

वेल्वेट, म्हणजे ॲमिलूडिनियम, याहून कितीतरी घातक. हा आधी कल्ल्यांत बसतो, मासा धापा टाकतो, पंपाच्या धारेत तोंड घालून उभा राहतो, लाइट टाळतो आणि अंगावर बारीक पिठासारखी पूड दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो, एक-दोन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. हवेतल्या तुषारांमधूनही तो शेजारच्या टाकीत जाऊ शकतो, त्यामुळे क्वारंटाईन टाकी मेन टाकीला चिकटून ठेवू नये. ब्रुकलिनेला हा आणखी एक परजीवी बहुतेक क्लाउनफिशवर येतो, अंगावरून पांढरट चिकट पापुद्रे सुटतात. आणि फ्लूक, म्हणजे चपट्या कृमी, या माशावर असताना पारदर्शक असतात म्हणून दिसतच नाहीत, फक्त मासा अंग घासतो, मान झटकतो, डोळे धुरकट होतात.

टाकी साधी लागते. वाळू नाही, लाइव्ह रॉक (जिवंत बॅक्टेरिया असलेले समुद्री दगड) नाही कारण ते कॉपर शोषून घेतात, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आधीपासून मेन टाकीत ठेवून पिकवलेला, म्हणजे उपयोगी बॅक्टेरिया वाढलेला, स्पंज फिल्टर, एअर पंप. जाळी, बादली, नळी सगळं वेगळं. माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया रोज तपासायचा. पण अमोनिया वाढला म्हणून त्याला बांधून ठेवणारं केमिकल कॉपरच्या पाण्यात ओतू नये, काही कॉपर औषधांबरोबर त्याची रिॲक्शन होऊन कॉपर एकदम विषारी होतं. पाणी बदलावं, आणि नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून मगच घालावं.

कॉपर हा जुना आणि खात्रीचा उपाय, मरीन इक आणि वेल्वेट दोन्हींवर चालतो. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात जे मोरचूद वापरतात तेच मुळात हे, कॉपर सल्फेट. पण दुकानातलं मोरचूद शुद्ध नसतं आणि इथे डोस इतका बारीक असतो की अंदाज चालतच नाही: लिटरला ०.१५ ते ०.२० मि.ग्रॅ. कॉपर ठेवायचं म्हणजे १०० लिटर पाण्याला जेमतेम ६० मि.ग्रॅ. मोरचूद, चिमूटभरही नाही. म्हणून तयार औषधं बरी. क्युप्रामीन या औषधाचा आकडा लिटरला ०.५ मि.ग्रॅ., कॉपर पॉवरसारख्या चिलेटेड (दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या) कॉपरचा २ ते २.५, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की मासा मेलाच समजा. नाजूक माशाला पूर्ण डोस पहिल्या दिवशी देत नाहीत, पाच-सात दिवसांत थोडं थोडं चढवतात, रोज मीटरने किंवा चांगल्या टेस्ट किटने मोजतात, मासा खाणं सोडतोय असं वाटलं तर तिथेच थांबतात. पूर्ण पातळीला पोचल्यापासून दिवस मोजायचे, साधारण ३०, आणि मधे एकदा जरी पातळी खाली गेली तरी पुन्हा पहिल्यापासून. शार्क आणि पाकट यांना कॉपर कधीच नाही.

पण मरीन इकसाठी नाजूक माशाला माझ्या मते सगळ्यात चांगली पद्धत बिनऔषधाची आहे, टाकी बदलायची. इस्रायलमधल्या कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या अभ्यासावर ती उभी आहे. दर ७२ तासांनी मासा पूर्ण कोरड्या केलेल्या, नवीन पाण्याच्या दुसऱ्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा, म्हणजे १२ दिवस. गळलेल्या परजीवीच्या कवचातून पिल्लं बाहेर पडेपर्यंत मासा निघून गेलेला असतो, ती रिकाम्या टाकीत मरतात. दोन टाक्या आणि बरंच मीठ लागतं, पकडापकडीचा ताण होतो हे खरं, पण यकृत-किडनीवर भार काहीच नाही. मात्र ही पद्धत वेल्वेटवर चालत नाही, तिथे कॉपर किंवा क्लोरोक्विनच.

क्लोरोक्विन फॉस्फेट, हो तेच मलेरियाचं, लिटरला १० ते १५ मि.ग्रॅ. देतात. कॉपर न झेपणाऱ्या बऱ्याच माशांना ते चालतं, पण रॅसना त्याचा त्रास झालेला दिसतो, उजेडात ते खराब होतं आणि घरच्या घरी पातळी मोजायची सोय नाही. शुद्ध पावडर लागते, मेडिकलमधल्या गोळ्या कुटून घालू नयेत.

खारटपणा उतरवणं, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (गोड्या पाण्याच्या तुलनेत पाण्याची घनता) १.००९ वर ३० दिवस, हाही मरीन इकवरचा सौम्य उपाय आहे. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर कॅलिब्रेट केलेला हवा, १.०११ ला काम होत नाही. पीएच घसरतो, तो सांभाळावा लागतो. वेल्वेटला याने काहीच होत नाही, आणि तैवानमध्ये कमी खारट पाण्यात तग धरणारे क्रिप्टोकॅरियॉनही सापडलेत, त्यामुळे डोळे मिटून विसंबू नये.

फ्लूकसाठी प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध, लिटरला २ ते २.५ मि.ग्रॅ., आणि अंडी त्याने मरत नाहीत म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा. ते टाकल्यावर ऑक्सिजन कमी पडतो, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या ३० डिग्री पाण्यात तर जास्तच, एअर पंप दुप्पट ठेवा. जुन्या पाण्यातले बॅक्टेरिया हे औषध खाऊन टाकतात, तेव्हा दुसऱ्या डोसच्या आधी बरंच पाणी बदललेलं चांगलं. फ्लूक आहेत का हे बघायला पाच मिनिटांचा गोड्या पाण्याचा डिप करतात, म्हणजे मासा त्यात ठेवतात, क्लोरीन नसलेलं पाणी, तापमान आणि पीएच जुळवलेलं, तळाला तिळासारखे पांढरे ठिपके पडले की खात्री झाली. ब्रुकलिनेलासाठी फॉर्मेलिनचा बाथ, ३७ टक्के फॉर्मेलिन लिटरला ०.१५ ते ०.२५ मि.लि., अर्धा ते एक तास, भरपूर हवा सोडून. तळाशी पांढरा गाळ आलेली बाटली फेकूनच द्यायची. हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यात, माणसालाही ते कॅन्सरकारक आहे.

बाकी सगळं खाण्यावर अडतं. कॉपरबँडला तिसरी (खायच्या शिंपल्यांतला एक प्रकार) उघडून तिच्या शिंपल्यातच ठेवून बघा, आधी डीप फ्रीझ केलेली, बरेचदा तो तिथूनच खायला लागतो, उरलेली तासाभरात काढून घ्या नाहीतर अमोनिया चढतो. मासा दोन-तीन दिवस नीट खाल्ल्याशिवाय कॉपर सुरू करू नये. अपवाद वेल्वेटचा, तिथे वाट बघायला वेळच नसतो, त्याच दिवशी सुरू.

आणि मेन टाकीत आधीच रोग शिरला असेल तर सगळे मासे काढून ती ७६ दिवस माशांविना ठेवतात, कोरल आणि गोगलगायी राहिल्या तरी चालतात. या काळात एकही मासा, अगदी दगडाआड लपलेला छोटा गोबी मासासुद्धा, आत राहता कामा नये, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.